पॉडकास्ट की वाचून दाखवलेला निबंध?

प्रश्न: मी माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवते. पॉडकास्ट करायला दिलं की मुलं निबंध लिहून आणतात आणि तोच माईकसमोर वाचतात, ऐकवत नाही हो. काय करू?

उत्तर: ताई, आधी लिहायलाच देऊ नका, बोलायला द्या. आणि विषय नको, प्रश्न द्या. "मोबाईल" म्हटलं की निबंधच येणार, पण "वर्गात मोबाईल चालावा का?" म्हटलं की मुलं आपसात भांडायला लागतात, ते भांडण रेकॉर्ड करा, ऐकवा आणि त्यातूनच मुद्दे काढून एका पानाचा प्लॅन करून घ्या: सुरुवातीला काय, कोण काय बोलणार, शेवट कुठे.

स्क्रिप्ट त्यानंतर. निवांत बोललं तर मिनिटाला साधारण १५० शब्द होतात, म्हणजे ३ मिनिटांना ४५० पुरे, शाळेतल्या मुलांना तर कमीच ठेवा. वाक्यं कानासाठी हवीत. "द यूज ऑफ मोबाईल फोन्स हॅज इन्क्रीज्ड" असं कोणी बोलतं का? त्याऐवजी "वुई ऑल चेक अवर फोन्स. बट व्हाय इन क्लास?" बघा, लगेच कान टवकारतात! प्रत्येक ओळ जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायची, एका दमात होत नसेल तर तोडायची, हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यात फार वेळ घालवू नका, संगीत निवडण्यातच तास संपतात. मार्क प्लॅनला आणि दुसऱ्या ड्राफ्टला द्या, आवाजाला नको, नाहीतर बुजरी मुलं मागेच राहतात.