जुलाबाचं बाळ समोर आलं की

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 45च्या आसपास जातो. जुलाबाची बाळं सुकायला वेळ लागत नाही. सलाईनची सुई शोधण्याआधी बाळाकडे नीट बघ. डोळे खोल गेलेत? पाणी अधाशासारखं पितंय, की पिण्याचंही त्राण नाही? बेंबी आणि कुशीच्या मधोमध पोटाची कातडी उभी चिमटीत धर, सोड. वळी 2 सेकंदांहून जास्त राहिली आणि बाळ सुस्त असेल, तर लगेच डॉक्टरांना बोलव. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुपोषित बाळात मात्र ही चिमटी फसवते. कातडीखाली चरबीच नसते, ती तशीही सावकाश बसते. तिथे आईला विचार, शेवटची शू कधी झाली.

ओआरएसचं लिटरचं अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यातच. अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात ओतलं की मीठ जास्त होतं. 2 वर्षांखाली दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच.

झिंकची गोळी 14 दिवस, रोज: 2 ते 6 महिने 10 मिलिग्रॅम, पुढे 5 वर्षांपर्यंत 20. जुलाब थांबले की घरचे गोळी बंद करतात, म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्या आईसमोर मोजून दे.