‘मी मुसलमान हाय का न्हाय, एवढंच सांगा’

समुपदेशनाला येणाऱ्या मुस्लिम तरुणांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. मध्ये काही वर्षं विश्वास उरला नव्हता, आता परत यायचंय. येता येतं का? सुटलेल्या नमाजांचं काय? निकाह टिकला की तुटला? आणि हे घरात कुणाला सांगायचं? बहुतेकांना वाटतं, आधी सगळी थकबाकी फेडायची, मग आत पाऊल टाकायचं. खरा क्रम याच्या उलट आहे. तो समजेपर्यंत कित्येकांची दोन-दोन वर्षं उंबऱ्यावर जातात. पुढच्या प्रकरणात ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिशीचा तरुण, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामाला. घर शहरातल्या जुन्या पेठेत. बायको रत्नागिरीकडची, मुलगी चार वर्षांची. पहिल्या भेटीत खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच तो म्हणाला, “मॅडम, मी मुसलमान हाय का न्हाय, एवढंच सांगा. बाकी काय नको.”

तो बाहेर गेला होता हे बाहेरून कुणाला कळलंच नव्हतं. मोहरमात तालमीच्या पंजासोबत तो चालायचा, पण कोल्हापुरात पंजासोबत हिंदूही चालतात, त्यामुळे त्यावरून कुणाच्या इमानाची, म्हणजे श्रद्धेची, परीक्षा होत नाही. रमजानमध्ये घरच्यांबरोबर सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) बसायचा आणि दुपारी कंपनीबाहेरच्या टपरीवर वडापाव खायचा. ईदची नमाज चुकवली नव्हती. कागदोपत्री धर्म बदलला नव्हता, नाव बदललं नव्हतं, त्यामुळे परत येण्यासाठी शपथपत्र, राजपत्रातली जाहिरात यांतलं काहीही लागत नव्हतं. असे कागद करून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला पैसे देऊ नयेत.

मूळ मे 2021 मधलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याची अम्मी गेली. मृतदेहाला आंघोळ घालायला सरकारी नियमांत मनाई होती. पिशवीतूनच दफन झालं, जनाजाला मोजकी माणसं. अम्मीला गुस्लही मिळालं नाही, ही गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली. रोजची नमाज त्या महिन्यातच सुटली. फेब्रुवारी 2022 मध्ये डिप्लोमाच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने शुद्धीत, विचार करून लिहिलं, “मेल्यावर काही नसतं. दीन वगैरे सगळं माणसाने बनवलंय. मी आता यात नाही.” दीन म्हणजे धर्म.

ही तारीख महत्त्वाची आहे. शंका आणि इन्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अशा प्रकरणांत पहिलं काम त्यांची फारकत करण्याचं. मनात नको ते विचार येतात, उच्चारायलाही भीती वाटते, असं पैगंबरांच्या सोबत्यांनी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते स्पष्ट इमानाचंच लक्षण मानलं, अशी हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. मनात आलेल्या पण न बोललेल्या, न केलेल्या गोष्टीची पकड नाही, हेही हदीसमध्ये आहे. आमच्याकडे “मी काफिर झालो” म्हणत येणाऱ्यांपैकी पुष्कळजण या गटातले असतात, ते कुठे गेलेलेच नसतात. याचं तसं नव्हतं. त्याने स्वतः, समजून, शब्दांत नाकारलं होतं, त्यामुळे त्याचं परत येणंही खरोखरीचं होतं.

परत का यावंसं वाटलं, याचं त्याच्याकडे एक उत्तर होतं, ज्याच्यावर तो स्वतःच संशय घेत होता. ओतकामाच्या वेळी लॅडलमधून तापलेला रस उडाला आणि तोंडातून “या अल्लाह” निघालं. “ही खूण म्हणायची का?” याला हो म्हणणं सोपं होतं. पण लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द दचकल्यावर बाहेर पडतो, नास्तिकाच्याही. अशा क्षणावर इमान उभं केलं, तर पुढच्या वेळी तोंडातून शिवी निघाली की ते कोसळतं. म्हणून विचारलं, आज, शांत बसून, तुम्हाला काय खरं वाटतं? त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अल्लाह हाय, हे मला कधी खोटं वाटलंच न्हाय. अम्मी कुठंच न्हाय, हे मला खरं वाटाय लागलं होतं.”

समुपदेशकाने कुणाला धर्मात ओढायचं नसतं. तो “मला परत यायचं नाही, फक्त घरी शांतपणे राहायचंय” म्हणाला असता, तर कामाची दिशा वेगळी ठेवली असती. पण त्याला यायचं होतं, आणि कुठे अडलंय हेही आता समजलं होतं.

परत येण्याची कृती थोडकी आहे. “अशहदु अल्ला इलाह इल्लल्लाहु, व अशहदु अन्न मुहम्मदन अब्दुहू व रसूलुहू” हे अर्थ समजून, मनापासून, जिभेने म्हणायचं. मौलाना समोर हवेत, साक्षीदार हवेत, मशिदीत घोषणा हवी, अशी अट नाही. त्याबरोबर ज्या गोष्टीचा इन्कार केला होता तीच नेमकी मान्य करायची, आणि हेच बऱ्याचदा राहून जातं. याने आखिरत, म्हणजे मरणानंतरचं जीवन, नाकारली होती. म्हणून नुसता कलमा पढून भागत नव्हतं, मेल्यानंतर उठवलं जाणार हे मी मानतो, हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं. ते वाक्य त्याच्या गळ्यात अडकत होतं, कारण त्या वाक्यात अम्मी होती. दोन भेटी आम्ही फक्त तिच्याविषयी बोललो. गुस्ल न मिळण्यात तिचा किंवा घरच्यांचा काही कसूर नव्हता. साथीच्या रोगाने मरण आलेल्याला हदीसमध्ये शहीदाचा दर्जा सांगितला आहे, आणि अनेक उलेमांनी (धर्मपंडितांनी) कोरोनाने गेलेल्यांनाही त्यातच धरलं. हे तिसऱ्या दिवशीच्या जियारतीत (मृतासाठीच्या प्रार्थनेत) कुणीतरी त्याला सांगितलंही होतं, पण तेव्हा ऐकण्याची त्याची ताकदच नव्हती. कलमा त्याने एका शुक्रवारी सकाळी घरीच पढला. त्याआधी गुस्ल केलं: चूळ भरणं, नाकात पाणी घेणं आणि अंगावर कुठेही कोरडी जागा न सोडता पाणी घालणं, हे हनफी मताप्रमाणे त्याचे तीन फर्ज, म्हणजे अनिवार्य भाग. (हनफी आणि शाफई या सुन्नी मुसलमानांच्या धर्मनियमांच्या दोन परंपरा.)

मग नमाजांचा हिशेब निघाला, आणि सगळा घोळ तिथे झाला. रत्नागिरीच्या मेहुण्याला त्याने “एका मित्राचा प्रश्न” म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, मधल्या दिवसांची प्रत्येक नमाज कजा करावी लागेल, म्हणजे मागाहून भरून काढावी लागेल. पेठेतल्या मशिदीचे इमामसाहेब म्हणाले, लागणार नाही. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, इकडे देशावरचे बहुतेक हनफी. शाफई मतात दीनाबाहेर असतानाच्या नमाजाही भराव्या लागतात. हनफी मतात त्या काळातल्या नमाज-रोज्यांची कजा नाही, पण त्याआधी मुसलमान असताना सुटलेल्या नमाजांची आहे. ज्या मतावर वाढलात तेच धरा. या मतातली सूट आणि त्या मतातली भीती एकत्र केली की माणूस वेडा व्हायचा.

तो हनफी. म्हणजे फेब्रुवारी 2022 पासून कलमा पढेपर्यंतचं माफ, टपरीवरच्या वडापावच्या रमजानांसकट. पण मे 2021 ते फेब्रुवारी 2022 या काळात तो नुसता रागावलेला मुसलमान होता, ते महिने खात्यावर आलेच. त्याच्याही मागे, पंधराव्या वर्षापासून फजर, म्हणजे पहाटेची नमाज, जवळपास कधी झालीच नव्हती. अंदाज जास्तीच्या बाजूने धरायचा असतो. 12 वर्षं धरली, म्हणजे 4,380 फजर. आकडा बघून तो हसला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कजा फक्त फर्जची आणि हनफी मतात वित्रची (रात्री इशानंतर पढायच्या नमाजाची) असते, सुन्नतींची (फर्जच्या जोडीने पढायच्या जादा नमाजांची) नाही. फजरच्या दोन रकातींना (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन) तीन मिनिटं लागतात. रोज तीन केल्या तर 1,460 दिवस, म्हणजे चार वर्षं. नियत (मनातला संकल्प) “माझ्यावर बाकी असलेली पहिली फजर” अशी करायची, म्हणजे तारखा शोधत बसावं लागत नाही. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढायची नाही. बाकीच्या नमाजांची खाती नंतर उघडू, आधी एक वही सुरू करा, असं ठरलं.

रोजच्या नमाजांत पहिल्या महिन्यात फक्त फर्ज आणि वित्र, दिवसाच्या 20 रकाती. सुन्नती हळूहळू. पाळ्यांमुळे अडचण होती. पहिल्या पाळीत जोहर (दुपारची नमाज) जेवणाच्या सुट्टीत बसते. दुसऱ्या पाळीत, तीन ते अकरा, मगरिब (सूर्यास्तानंतरची) अवघड, कारण तिची वेळ थोडी. तिथे सुपरवायझरकडे रोज परवानगी मागत बसण्यापेक्षा चहाची सुट्टी सूर्यास्तानंतर घ्यायचं एकदाच ठरवून घ्यावं. इशा (रात्रीची) घरी आल्यावर होते. तिसऱ्या पाळीत फजर कंपनीतच पढावी लागते. घरी जाऊन पढू म्हटलं की उन्हाळ्यात वेळ निघून जाते.

इथे एक धोका. परत आलेला माणूस पहिल्या पंधरवड्यात तहज्जुद (मध्यरात्रीनंतरची ऐच्छिक नमाज) सुरू करतो, जुने मित्र तोडतो, नोकरी सोडून चाळीस दिवसांच्या जमातीत (धर्मप्रचाराच्या दौऱ्यावर) निघतो, आणि तिसऱ्या महिन्यात फजरही सुटते. मग “मी पुन्हा गेलो” अशी घबराट. आळसाने सुटलेली नमाज हा गुनाह आहे, दीनाबाहेर जाणं नव्हे. अल्लाहला थोडं पण सातत्याचं काम आवडतं, ही बुखारी-मुस्लिममधली हदीस अशा वेळी फार कामाची.

याचं वेगळंच झालं. तिसऱ्या आठवड्यात वजूला (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याला) वीस मिनिटं लागू लागली, आणि कलमा नीट झाला की नाही म्हणून तो दिवसातून चाळीस-पन्नास वेळा पुन्हा पढू लागला. ही धार्मिकता नव्हे. आम्ही त्याला एक लिटरची बाटली भरून तेवढ्यातच वजू उरकायला सांगितलं. पैगंबरांचा वजू एका मुदमध्ये, म्हणजे पाऊण-एक लिटर पाण्यात होत असे, त्यामुळे कमी पडलं म्हणायला जागा नाही. प्रत्येक अवयव तीनदा, चौथ्यांदा नाही. कलम्याची पुनरावृत्ती बंद, कितीही बेचैन वाटलं तरी. खात्री शंकेने जात नाही, हा फिकहचा (इस्लामी धर्मनियमशास्त्राचा) नियमच आहे. तरीही अशा गोष्टींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. या आजारावर (मंत्रचळ, इंग्रजीत ओसीडी) औषधं आहेत, फक्त परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. ताबडतोब बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. याला औषध लागलं नाही, दीड महिन्यात वजू पाच मिनिटांवर आला.

निकाहाचं मात्र समुपदेशकाने ठरवायचं नसतं. मुफ्तीसाहेबांना (धर्मनियमांवर निर्णय देणाऱ्या विद्वानांना) लेखी विचारायला सांगितलं, आणि काय लिहायचं ते सोबत बसून काढलं: नेमके शब्द कोणते, कधी, शुद्धीत का, निकाह त्याआधीचा की नंतरचा, परत कधी आलो. “मला शंका यायच्या” असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. हनफी मतात उघड इन्काराने निकाह लगेच तुटतो. शाफई मतात इद्दतीच्या (बायकोच्या ठरावीक प्रतीक्षाकाळाच्या) आत परत आलं तर टिकतो, आणि इथे इद्दत केव्हाच उलटली होती. उत्तर आलं, निकाह ताजा करा, तोवर वेगळे राहा. हा तलाक नव्हे, त्यामुळे तलाक मोजला जात नाही, हलालाचा (मध्ये दुसऱ्याशी निकाह होण्याचा) प्रश्नच येत नाही. लागतं काय, तर दोन साक्षीदार, इजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार) आणि नवा महर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू). हनफी मतात तो किमान दहा दिरहम, म्हणजे साधारण 30.6 ग्रॅम चांदी किंवा तिची किंमत.

त्याला वाटत होतं, बायकोला न कळता हे उरकेल. कसं उरकेल? कबूल तिने म्हणायचंय. त्याने तिला सांगितलं तेव्हा ती इमानावरून चिडली नाही. “तीन वर्षं माझ्यासमोर सहरीला बसलात,” एवढं बोलून दोन दिवस बोलली नाही. तौबेने (पश्चात्तापाने) अल्लाहचा हक्क मिटतो, पण माणसाचा हक्क त्या माणसाकडेच मिटवावा लागतो. नंतर अट तिनेच घातली, अब्बांच्या समोर होईल. शाफई मतात वली (वधूचा पालक) लागतोच. सासऱ्यांना सांगायचं वाक्य आम्ही त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं: “अम्मी गेल्यावर माझं इमान डळमळलं, तोंडून नको ते निघालं, मी तौबा केली आहे, मुफ्तीसाहेबांनी निकाह ताजा करायला सांगितलंय.” एवढंच. कोणते व्हिडिओ बघितले, कोणता मुद्दा पटला होता, यातलं काही नाही. स्वतःचे गुनाह सांगत फिरू नये, असंच शिकवलं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र उघड लिहिलं होतं, म्हणून तिथे उघडच दोन ओळी: तेव्हा लिहिलेलं मी मागे घेतो, मी मुसलमान आहे. एका मित्राने विचारलं, “काय झालं रं भावा?” त्यावर वाद घातला नाही. महर म्हणून हुपरीचे पैंजण दिले, 62 ग्रॅमचे.

त्याने एकदा सूरा निसाची 137 वी आयत काढून दाखवली होती, इमान आणलं, नाकारलं, पुन्हा आणलं, पुन्हा नाकारलं आणि मग कुफ्रात (नाकारण्यात) वाढत गेले, त्यांच्याविषयीची. “ही माझ्यावर हाय.” आयत त्या वाढत जाण्याविषयी आहे, परतणाऱ्याविषयी सूरा आले इम्रानची 89 वी आहे, आणि दोन्ही सोबत वाचाव्या लागतात. इतिहासातही असे लोक आहेत. अब्दुल्लाह इब्न साद इब्न अबी सर्ह पैगंबरांचा लेखनिक होता, दीन सोडून मक्केला गेला, मक्का जिंकल्यावर परत आला आणि पुढे खलिफा उस्मान यांच्या काळात मिसरचा (इजिप्तचा) सुभेदार झाला.

सहा महिन्यांनी तो शेवटचा आला तेव्हा वही सोबत होती. रोज तीनप्रमाणे 540 व्हायला हव्या होत्या, झाल्या होत्या 391. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत नुसत्या रेघा होत्या. पानाच्या खाली त्याने वजाबाकी करून ठेवली होती: बाकी 3,989.