शोमधला आवाज घरी येतो काय?

प्रश्न: मुंबईच्या ऑडिओ शोमध्ये केईएफ कंपनीचे एलएस ५० मेटा हे छोटे स्पीकर ऐकलो. एवढासा डबा खरं गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटला, तिथंच ठरवलो की हेच घ्यायचं. आता मित्र म्हणालाय याला बेस नाही, टॉवर घे, म्हणजे ते जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर. आमची खोली जुन्या घरातली, दहा बाय बारा, वर कौलं. ऐकतो ते शास्त्रीयच जास्त, तेही रात्री. अँप्लिफायर ४० वॅटचा आहे. तुम्ही काय सांगतासा?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: मित्राचं पूर्ण चुकीचं नाही. आवाज काढणारा सव्वापाच इंची कोन आणि त्याच्याच मधोमध वरच्या बारीक स्वरांचा ट्वीटर, एवढ्यात हवा ढकलून ढकलून किती ढकलणार, कंपनीच खाली ७९ हर्ट्झपर्यंतचा सरळ आवाज सांगते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आकडा लहान तितका स्वर खालचा), त्याखाली तो उतरत जातो. खरं तुम्ही ऐकताय काय ते बघा की. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कागदावर तो या स्पीकरच्या हद्दीबाहेर, तरी ऐकू येतो, कारण जवारीमुळं, म्हणजे घोडीवर तार झंकारते त्यामुळं, वरचे स्वर भरपूर निघतात आणि ते ऐकून खालचा खर्ज आपला कानच जुळवून घेतो. तबल्याच्या बायाचं, म्हणजे डग्ग्याचं, तसं नाही. त्याची मींड कळेल, तळहात घासून काढलेला घिस्सा कळेल, पण छातीला जाणवणारा दाब कमी पडणार, हे धरूनच चला.

टॉवर तुमच्या खोलीत मी तरी ठेवणार नाही. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या जवळपास आणि दहा फुटांत ५६ च्या जवळपास आवाज फुगतो, टॉवर नेमके तिथंच जोर लावणार आणि बाया घुमत बसणार. कौलांतून थोडा बेस बाहेर जातो ते एक बरं, अर्थात तो शेजाऱ्यांकडं जातो हा भाग वेगळा!

माझी शंका शोबद्दल आहे. तिथं आवाज मोठा ठेवलेला असतो, आणि आवाज बारीक केला की कानाला बेस सगळ्यात आधी कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मनसन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. रात्री गल्ली झोपल्यावर तुम्ही लावणार त्या आवाजात हाच डबा शोपेक्षा पातळ वाटेल. शिवाय शोमध्ये तीच ती गिटार नि तीच ती मखमली आवाजाची बाई, त्यावर कुठलाही स्पीकर गोडच वाटतो. तेव्हा पैसे देण्याआधी दुकानात आपला पेनड्राइव्ह न्या, आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, एखादं रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि आवाज घरच्याइतका बारीक करून ऐका. तंबोरे गाण्याच्या मागं वेगळे उभे राहिले आणि तबल्याच्या चाटेचा, म्हणजे काठावरचा, बोल टोचला नाही तर बिनधास्त घ्या.

अँप्लिफायर पुरेल. ८ ओमच्या या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर ८५, पुढं दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट, तर १६ वॅटला ९७ होतात, या खोलीत त्याहून जास्त कशाला पाहिजे. खर्च करायचाच तर चांगल्या स्टँडवर करा, ट्वीटर कानाच्या उंचीला येऊ दे, मागं दीडेक फूट जागा सोडा. जागाच नसेल तर सोबत येणारे फोमचे बोळे मागच्या पोर्टात, म्हणजे भोकात, घाला, फुगवटा कमी होतो. सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा वेगळा स्पीकर, आत्ता नको.

प्रश्न: वडिलांचे जुने स्पीकर कपाटात होते, कोनाभोवतीची फोमची कड हात लावताच भुगा झाली. भंगारात घालू काय?
– एक वाचिका, खानापूर

उत्तर: अजिबात नको. तुमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत फोम असा कुजतोच. कोन दोन्ही बाजूंनी सारखा धरून हलकेच आत दाबा, घासल्याचा आवाज नाही आला तर कोन हलवणारी आतली कॉइल चांगली आहे. स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून नवी कड बसवून घ्या, त्या मापात रबराची मिळाली तर रबराचीच, ती जास्त टिकते.