चहा न घेता गेलेली मुलगी

पत्र: "आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, पुण्याच्या उपनगरात आहे. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. नवीन लोक दोन-तीन रविवार येतात आणि मग दिसेनासे होतात. आम्ही स्वागत समिती केली, नव्यांना गुलाब देतो, उपासनेत उभं करून त्यांची ओळख करून देतो, वहीत नाव-नंबर घेतो, नंतर चहा-बिस्किटं. तरी कुणी टिकत नाही. परवा एक तरुण नर्स आली होती. चहाच्या वेळी आम्ही आपुलकीनं विचारलं, गाव कुठलं, कुणाच्यातली, वडील कुठल्या मिशनचे? 'आमच्या घरात मीच पहिली,' म्हणाली आणि चहा न घेताच गेली. हल्लीच्या मुलींना बोलायचंच नसतं. आम्ही आणखी काय करावं?"

ताई, सलाम.

समिती, गुलाब, बिस्किटं सगळं बाजूला ठेवा. 'आमच्या घरात मीच पहिली' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथेच अडकले, आणि खरं सांगते, मला तुमचा राग आला.

घरात पहिली ख्रिस्ती म्हणजे काय, माहीत आहे ना? नाताळला जायचं कुठे, हा प्रश्न. आई फोनवर रडत असेल, भाऊ बोलत नसेल. नर्सला रविवारची सुट्टी काही आपसूक मिळत नाही. कुणाशी तरी ड्युटी बदलून ती आली असणार. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिनं चार अनोळखी बायकांसमोर सांगून टाकली. तिला बोलायचं नव्हतं असं कसं म्हणता? 'कशी आलीस गं प्रभूकडे?' एवढं तुमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही.

तुमच्या त्या तीन प्रश्नांबद्दलही बोलू या. गाव आणि आडनाव कळलं की पुढचं सगळं कळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. बाप्तिस्म्यात जात सोडली असं आपण सांगतो, आणि चहाच्या टेबलापाशी तिचाच पत्ता विचारत बसतो. जुन्या घराण्यांच्या माणसाला हे प्रश्न गोड वाटतात, कारण त्याच्याकडे उत्तरं असतात. त्या मुलीकडे नव्हती.

ज्यांची गीतं तुम्ही दर रविवारी गाता, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे तरी कुठे होती? 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात तेही पहिलेच. खुद्द त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना प्रभूकडे यायला आणखी पाच वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत टिळकांना कुणी 'वडील कुठल्या मिशनचे?' असं विचारलं असतं तर त्यांनी काय सांगावं?

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. नुसती नावंच आहेत म्हणून आपण तो भरभर उरकतो. त्यात पत्र लिहिणारा प्रेषित पौल रूफ नावाच्या माणसाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला 'माझीही आई' म्हणतो. त्या बाईनं पौलासाठी काय केलं ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, जेवायला वाढलं असेल.

तेव्हा तुम्ही एकच करा. वहीत त्या मुलीचा नंबर असेल. आजच फोन लावा. समितीच्या नावानं नाही, स्वतःच्या. 'त्या दिवशी तू एवढं सांगितलंस आणि आम्ही ऐकलंच नाही, माझं चुकलं,' असं सरळ म्हणा. पुढच्या रविवारी उपासनेनंतर घरी जेवायला बोलवा. बाकी कुणी पाहुणे नकोत, पाळकसाहेबसुद्धा नकोत. तुम्ही, घरातली माणसं आणि ती. जेवताना तिला बोलू द्या. गाव, आडनाव तिनं आपणहून सांगितलं तरच. नाताळ कुठे करणार आहेस, हे मात्र नक्की विचारा, आणि 'कुठेच नाही' म्हणाली तर तिथल्या तिथे ठरवून टाका.

फोन उद्यावर ढकलू नका. पुढच्या आठवड्याची ड्युटी लागायच्या आत तिला कळायला हवं, म्हणजे रविवार मागून घेता येईल.