एकतर्फी प्रेमात खचलेल्या कृष्णवर्णीय रूममेटला फ्रॅटर्निटीत जाण्यापासून अडवावे का?

तुम्ही लिहिले आहे की अमेरिकेत तुमच्यासोबत राहणारा एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्याच्याच वर्गातील एका कृष्णवर्णीय मुलीवर प्रेम करत होता, तिने नकार दिला, तेव्हापासून तो धड जेवत नाही की झोपत नाही, आणि आता अचानक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या मुलांच्या संघटनेत, जायचे म्हणतो. हा दुःखाच्या भरात घेतलेला निर्णय समजून त्याला अडवावे का? माझे उत्तर असे की अडवू नका, पण त्याने आत्ता, या अवस्थेत जाऊ नये, असे त्याला स्पष्ट सांगा.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. २००९ ते २०११ अशी दोन वर्षे मी मध्य-पश्चिमेकडील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो आणि माझा रूममेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला कृष्णवर्णीय मुलगा होता. दीडशे मुलांच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी तिघेच, आणि त्यांपैकी एक ती मुलगी, जिच्यावर त्याचे प्रेम होते. दर गुरुवारी दोघे ग्रंथालयात एकत्र अभ्यास करत. त्याने मन मोकळे केले तेव्हा तिने अतिशय सौम्यपणे सांगितले की तू मला भावासारखा आहेस. आपल्याकडेही या वाक्याने किती मुलांचे मन मोडले असेल ते वेगळे सांगायला नको. मला त्या वेळी विचित्र वाटले ते पुढचे: ज्या शब्दाने तो घायाळ झाला, तोच ‘भाऊ’ हा शब्द आपल्याला कोणीतरी लावावा म्हणून महिनाभरात तो फ्रॅटर्निटीच्या दारात उभा होता.

विसंगती वाटली तरी ती विसंगती नव्हती, हे समजायला मला वेळ लागला. प्रयोगासाठी गट पडत तेव्हा तो नेहमी शेवटी उरे. गुलामगिरीचा विषय निघाला की वर्गातील सगळ्या नजरा त्याच्याकडे वळत, जणू चारशे वर्षांचा जाब एकट्या त्यानेच द्यायचा आहे. एका रात्री ग्रंथालयातून परतताना त्याला ओळखपत्र दाखवायला थांबवले. त्याच रस्त्याने, त्याच वेळी मी रोज जात असे आणि मला कोणी कधी हटकले नाही. यातले काहीही तिला समजावून सांगावे लागत नसे. त्या परक्या गावात तिच्याजवळ बसणे म्हणजे घरी असणे होते, आणि म्हणून तिचा नकार त्याला प्रेयसी गमावल्यासारखा नव्हे, तर घराबाहेर काढल्यासारखा लागला. मात्र मी त्याला एक गोष्ट स्पष्टपणे म्हणालो होतो आणि आजही म्हणेन: एवढे सगळे ओझे एका वीस वर्षांच्या मुलीच्या होकारावर टाकणे हा तिच्यावर अन्याय होता. तिलाही त्या वर्गात तेच सोसावे लागत होते.

हे ओझे वाटून घेण्यासाठीच ही बंधुत्वाची परंपरा उभी राहिली आहे. मराठीत आपण अनोळखी माणसालाही दादा, भाऊ म्हणतो, त्यामुळे त्यांचे ‘ब्रदर’ आपल्याला नुसते आपुलकीचे संबोधन वाटते. पण गुलामगिरीच्या काळात बाप एका मालकाला आणि मुले दुसऱ्याला विकली जात, तेव्हा रक्ताचे नाते नसलेल्या वडीलधाऱ्यांना काका, मावशी मानूनच मुले वाढली. विद्यापीठांत हे नाते टिकाऊ संघटनेच्या रूपाने आले ते ४ डिसेंबर १९०६ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे. कॉर्नेल विद्यापीठात १९०४–०५ साली असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढल्या वर्षी परतले नाहीत, असे तिथला इतिहास सांगतो. त्यांच्या मागून आलेल्यांपैकी सात जणांनी, एकमेकांना धरून राहिलो तरच टिकू, या जाणिवेने अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी काढली. त्यांच्यातले काही गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटीच्या घरांत वाढप्याचे काम करत. ज्या मेजावर त्यांना बसता येत नव्हते, त्याच मेजावर वाढताना त्यांनी बंधुत्व जवळून पाहिले होते. माझे वडील औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले. गावाकडून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलाला वसतिगृहातील वरच्या वर्गाची मुले कशी सांभाळून घेत, हे ऐकत मी वाढलो, म्हणून इथाकाची हकिकत मला परकी वाटली नाही.

पुढे १९११ मध्ये कापा अल्फा साय आणि ओमेगा साय फाय, १९१४ मध्ये फाय बीटा सिग्मा आणि १९६३ मध्ये आयोटा फाय थीटा या संघटना निघाल्या. मुलींच्या चार सोरॉरिटी धरून या नऊ संघटनांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. यांचे सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही. माणूस नोकरीला लागला तरी त्या-त्या शहरातील पदवीधरांच्या शाखेत तो काम करत राहतो, आणि विद्यार्थिदशेत राहून गेले असेल तर पदवीनंतरही त्या शाखेतून रीतसर प्रवेश घेता येतो. ही एक गोष्ट तुमच्या मित्राला माहीत आहे का, हे जरूर विचारा, कारण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ या भीतीपायी मुले नको त्या गोष्टी सोसतात.

त्या नको त्या गोष्टी म्हणजे रॅगिंग. १९९० मध्ये या संघटनांनी जुनी उमेदवारीची, म्हणजे प्रवेशाआधी नव्या मुलांची कसोटी पाहण्याची, पद्धत अधिकृतपणे बंद केली, पण अनेक ठिकाणी ती लपूनछपून चालू राहिली: रात्रभर जागवणे, पाठांतर चुकले की लाकडी पॅडलने मारणे, पैसे उकळणे. मुले यात जिवाला मुकली आहेत. माझा मित्र अशाच एका बेकायदा ‘लाइन’मध्ये, म्हणजे एकत्र प्रवेश घेऊ पाहणाऱ्या उमेदवारांच्या गटात, गेला होता. एकदा तो पहाटे तीनला आला आणि पाठ टेकवत नव्हती म्हणून खुर्चीत बसून राहिला. हे सगळे सोसले तर मी काहीतरी आहे हे सिद्ध होईल, असे तो म्हणाला. कोणाला, असे मी विचारले, तर त्याने तिचे नाव घेतले.

मला तुम्हाला सावध करायचे आहे ते नेमके याच ठिकाणी. प्रेमात नाकारलेला मुलगा स्वतःला कमी लेखत असतो, आणि मार खाणाऱ्याला तो मार आपली लायकी वाढवतो आहे असे वाटू लागले की त्याला थांबवणे फार कठीण होते. त्या पहाटे आम्ही उजाडेपर्यंत बोललो आणि दोन दिवसांनी त्याने ती लाइन सोडली. ज्यांना तो भाऊ म्हणू लागला होता, त्यांतल्या काहींनी त्याच्याशी बोलणे टाकले. तो काळ वाईट होता, हे मी लपवणार नाही.

त्याला सावरले ते मात्र बंधुत्वानेच. १९७५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेल्या कृष्णवर्णीय अभियंत्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शाखा आमच्याकडे होती. तिथे तो पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवू लागला. ती मुलगीही तिथे येत असे. सुरुवातीला तो तिच्या येण्याच्या वेळा टाळी, पुढे टाळेनासा झाला. शनिवारी तो शहरातील कृष्णवर्णीय न्हाव्याच्या दुकानात जाई. केस कापून झाले तरी दोन-दोन तास तिथेच बसे, कारण तिथे पन्नाशी-साठीची माणसे घटस्फोट, कर्ज, मुलांची लग्ने यांविषयी एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, आणि पुरुषाने दुःख बोलून दाखवणे यात कमीपणा नाही हे तो त्यांच्याकडून शिकला. तिथल्याच एका निवृत्त शिक्षकांनी त्याला पदवीधरांच्या शाखेबद्दल सांगितले आणि पदवीनंतर तीन वर्षांनी तो त्या शाखेतून उजळ माथ्याने सदस्य झाला.

तुमच्या मित्राची झोप आणि जेवण अजून सुटलेले असेल, तर आधी त्याला विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात घेऊन जा, शक्य असल्यास कृष्णवर्णीय समुपदेशक मागून घ्या, आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडून निघाली तर अमेरिकेतील आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीच्या ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. मन थोडे थाऱ्यावर आल्यावर त्याला फ्रॅटर्निटीच्या तुमच्या विद्यापीठातील शाखेची जाहीर माहिती बैठक कधी आहे ते विचारायला सांगा. जे काही उघड, विद्यापीठाला कळवून होते, तेवढ्यालाच त्याने जावे. रात्री, कोणाच्या तरी घरी, ‘कोणाला सांगू नकोस’ असे म्हणून बोलावणे आले तर जाऊ नये. अशा बैठकीला बहुधा कोट आणि टाय घालून जावे लागते. त्याच्याकडे नसेल तर तुमचा द्या, आणि तो परत येईपर्यंत जागे राहा.