प्रांतांच्या अहवालाने गोळीबार योग्य ठरवला, आता पुढे काय?

प्रश्न: घरफोडीच्या गुन्ह्यात अटकेत असलेल्या माझ्या मेव्हण्याला पोलीस मुद्देमाल काढून देण्यासाठी घेऊन गेले आणि तेथे त्याचा गोळीने मृत्यू झाला. त्याने पिस्तूल हिसकावल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलीस सांगतात. प्रांताधिकाऱ्यांच्या चौकशीत गोळीबार योग्य ठरला असून पोलिसांनी न्यायालयात ‘अबेटेड समरी’ दाखल केली आहे. वस्तीतील काही जणांनी पोलिसांच्या अभिनंदनाचा फलक लावला, तर तरुण मुले महामार्ग अडवायला निघाली आहेत. मी किराणा दुकान चालवतो आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन आहे. मला कलम १६८ ची नोटीस आली आहे. सासूबाई म्हणतात, पोरगा गेला, आता कोर्टकचेरी नको. प्रकरण संपले असे समजायचे का?

उत्तर: प्रकरण संपलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अजून नीट सुरूही झालेले नाही, आणि ‘निकाल लागला’ हा जो समज वस्तीत पसरला आहे, तो आधी दूर झाला पाहिजे. प्रांताधिकाऱ्यांचा अहवाल हा न्यायनिर्णय नसतो. त्यात कोणी दोषी वा निर्दोष ठरत नाही आणि तो कोणत्याही न्यायालयावर बंधनकारक नसतो. शिवाय आपण पत्रात सहज लिहिलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आपला मेव्हणा त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात होता. ताब्यातील मृत्यूसाठी पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करण्याची स्वतंत्र तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९६ मध्ये आली आहे. प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, न्यायदंडाधिकारी नव्हेत. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली का, झाली असल्यास कुटुंबाला कळवून हजर राहू दिले का, हे प्रश्न लेखी विचारा. ती झालीच नसेल, तर आपला पहिला आणि बळकट आक्षेप हाच आहे.

आता त्या समरीविषयी. आपल्या राज्यात तपास बंद करण्याच्या अहवालाला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा ‘अ’, तक्रार खोटी असेल तेव्हा ‘ब’, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’, आणि आरोपीच मरण पावला असेल तर ‘अबेटेड’. यावरून आपल्या प्रकरणात काय घडले ते लक्षात येईल. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आपल्या मेव्हण्यावर नोंदवला, त्यात फिर्यादी पोलीस अधिकारीच झाला, आणि आरोपी हयात नाही म्हणून ती फाइल मिटवण्याची परवानगी आता मागितली आहे. ज्या मृत्यूविषयी आपण विचारता, त्या मृत्यूचा तपास त्या कागदात मुळात नाहीच. समरी दाखल झाली की न्यायालयाने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात दिला. पण येथे फिर्यादी पोलीस असल्यामुळे ती नोटीस आपल्या घरी येणार नाही. त्याच निर्णयात मृताच्या नातेवाइकांविषयीही सांगितले आहे. नोटीस हा त्यांचा हक्क नसला, तरी त्यांना अन्य मार्गाने तारीख कळली तर हजर राहून म्हणणे मांडण्याचा अधिकार त्यांना आहे. म्हणून कोणाची वाट न पाहता वकिलामार्फत त्या न्यायालयात चौकशी करा, समरीची आणि सोबतच्या सर्व कागदांची नक्कल मागा आणि पुढील तारखेला निषेध अर्ज, ज्याला न्यायालयात सर्रास प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात, दाखल करा.

या अर्जाचा पाया म्हणून ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निर्णय वापरावा. मुंबईतील चकमकींच्या संदर्भात सुरू झालेल्या या प्रकरणात न्यायालयाने पोलीस गोळीबारातील मृत्यूंसाठी सोळा निर्देश दिले, आणि ते देशभर कायद्याप्रमाणे पाळायचे आहेत. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवून अहवाल विनाविलंब न्यायालयाकडे पाठवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने, चकमकीतील पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे चित्रीकरण जपून ठेवायचे. संबंधित अधिकाऱ्यांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची. यातील एकेक निर्देश घेऊन आपल्या प्रकरणातील कागद त्याच्यापुढे ठेवून पाहा. तपास त्याच ठाण्याने केला असेल, पिस्तुलावर मेव्हण्याच्या बोटांचे ठसे शोधलेच नसतील, त्याच्या हातावरील बंदुकीच्या दारूच्या कणांची तपासणी झालेली नसेल, किंवा गोळी किती अंतरावरून लागली हे शवविच्छेदन अहवालात लिहिलेले नसेल, तर त्यातील प्रत्येक गोष्ट आपल्या अर्जात स्वतंत्र परिच्छेद होऊ शकते. निर्देश पाळले गेले नाहीत असे कुटुंबाला वाटले, तर त्या क्षेत्राच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते, हेही त्याच निर्णयात आहे. खेदाची बाब ही की हा मार्ग फार थोडी कुटुंबे वापरतात.

सासूबाईंच्या नकाराविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण कायदा आणि माणूस येथे एकमेकांना अडतात. संहितेतील पीडिताच्या व्याख्येत मृताचा कायदेशीर वारस येतो. मेव्हणा अविवाहित असेल तर त्याची आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे, आणि तिच्या सहीच्या अर्जाला जे वजन येते ते आपल्या अर्जाला येणार नाही. तरीही आपण हतबल नाही. फौजदारी कायद्याची यंत्रणा कोणीही हलवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि तो खटलाही कोणा पीडिताने नव्हे तर एका त्रयस्थ नागरिकाने दाखल केलेला होता. बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण आपल्याला आठवत असेलच. त्यातील आरोपीचा २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बायपासवर पोलीस वाहनात गोळीने मृत्यू झाला. त्याने पिस्तूल हिसकावल्याचा दावा तेथेही होता. लोकांनी पेढे वाटले, पोलिसांच्या कौतुकाचे फलक लागले, आणि दफनभूमी मिळवण्यासाठी त्याच्या आई-वडिलांना उच्च न्यायालयाकडे दाद मागावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दोघांनी आम्हाला हे प्रकरण पुढे न्यायचे नाही असे न्यायालयाला सांगितले. तरीही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालावर पुढे काहीच करायचे नाही हे राज्याचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही आणि ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथकाचा आदेश दिला. ते पथक कोणी नेमायचे याबाबत सर्वोच्च न्यायालयाने पुढे बदल केला. पण थकलेल्या आई-वडिलांनी माघार घेतली म्हणून मृत्यूचा प्रश्न मिटत नाही, हे त्यातून दिसले. म्हणून सासूबाईंवर दबाव आणू नका. त्यांना रोज तारखेला यावे लागणार नाही, एका वकीलपत्रावर सही पुरेल, एवढे शांतपणे सांगा. आणि त्या नाही म्हणाल्या तर आपण किंवा आपल्या पत्नीने तक्रारदार व्हावे.

निषेध अर्जाबरोबर स्वतंत्र फिर्यादही लागेल. आधी ठाण्यात आणि मग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. दखल घेतली नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली तपासाचा आदेश मागावा. लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत नव्या संहितेने एक पायरी वाढवली आहे. न्यायदंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात आणि संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणेही विचारात घेतात, त्यामुळे वेळ लागतो. लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीचा अडथळाही पुढे येईल. मंजुरीच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असे मानण्याची तरतूद आता कलम २१८ मध्ये आहे. बनावट चकमक हा कर्तव्याचा भाग होऊच शकत नाही, अशीही आपली बाजू राहील. स्वसंरक्षणाचा अपवाद लागू पडतो हे दाखवण्याचा भार, खटला उभा राहिला तर, आरोपी अधिकाऱ्यावर असतो. अटक करताना किती बळ वापरता येते ते कलम ४३ सांगते: ज्याच्यावर मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार ते कलम देत नाही. मेव्हणा चोर होता की नव्हता, या वादात म्हणूनच शिरू नका. तो प्रश्न न्यायालयापुढे नाही.

वर्सोव्याच्या बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभैयाच्या प्रकरणाचा दाखला देतो, कारण त्यातून कागदाचे मोल कळते. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला उचलून नेल्याचे कळताच त्याच्या वकील भावाने काही तासांतच वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. चकमक जाहीर होण्याआधीचे ते कागद पुढे पुरावा ठरले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यात १३ पोलीस होते. आणि सुटलेल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यालाही उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी दोषी ठरवले. या सतरा वर्षांत एक मोठा घातही झाला. सोबत उचलला गेलेला मुख्य साक्षीदार २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर मृत सापडला. म्हणून आपल्याकडे कोणी प्रत्यक्षदर्शी असेल, तर त्याचा जबाब कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लवकरात लवकर नोंदवून घ्या आणि साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. रस्त्यावरच्या दुकानांतील सीसीटीव्ही चित्रण, स्टेशन डायरी आणि फोनचे तपशील जपून ठेवण्याची मागणी आजच लेखी पाठवा. खुनासारख्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नाही. पण चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा.

कलम १६८ ची नोटीस हा गुन्हा नाही आणि शिक्षाही नाही. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी दिलेली ती समज आहे. ती स्वीकारा, फाडू नका, आणि ‘आम्ही शांततेच्या मार्गानेच दाद मागत आहोत’ असे लेखी उत्तर देऊन पोच घ्या. पुढे चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई, काढली गेली, तर बाँड लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा. त्या चौकशीला सहा महिन्यांची मर्यादा आहे. निःशस्त्र आणि शांततेने जमण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का ते पाहा, तहसील कार्यालयापर्यंतच्या मोर्चाची परवानगी मागा, आणि नाकारली तर कारण लेखी घ्या.

महामार्ग अडवू नका, हे मात्र मी कळकळीने सांगतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक द्रुतगती महामार्गावर जमले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. जमाव टँकर पेटवणार होता, असे कारण पुढे केले गेले. गुंडेवार आयोगाने ते फेटाळले आणि २००९ मध्ये संबंधित उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पण त्या निकालाला बारा वर्षे लागली, आणि लवकरच उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. त्या लोकांचा राग रास्त होता, तसाच आपल्या मुलांचाही आहे. पण रस्त्यावर एक दगड पडला की बेकायदा जमावाच्या समान उद्देशाचे कलम सगळ्यांना लागते, आणि मेव्हण्याच्या प्रकरणात साक्षीदार होऊ शकणारी मुलेच दुसऱ्या गुन्ह्यातील आरोपी होऊन बसतात.

फलक लावणारे शेजारी काही गुन्हा करत नाहीत. तो फलक कोणीही काढू नये. मात्र त्यावर मेव्हण्याला ‘दरोडेखोर’ किंवा ‘नराधम’ म्हटले असेल, तर मृताची बदनामीही, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असल्यास, अब्रूनुकसानीत येते. फलकाचा फोटो काढून तारखेसह ठेवा. संबंधित अधिकाऱ्यांना घाईने बढती वा शौर्यपदक देऊ नये, हाही पीयूसीएल निर्णयातील निर्देश आहे. तसे काही झाले तर ते उच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणता येईल.

व्हॉट्सॲप गटाबद्दल एवढेच, की दुसऱ्याच्या संदेशासाठी केवळ ॲडमिन म्हणून आपण जबाबदार ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. मात्र भडकावणाऱ्या संदेशाला आपण दुजोरा दिलात तर हे संरक्षण उरत नाही. अहवाल चुकीचा आहे, चौकशी अपुरी आहे, असे आपण निःसंकोच लिहू शकता. अंतिम निकालावरील न्याय्य टीकेलाही न्यायालय अवमान अधिनियमाच्या कलम ५ ने संरक्षण दिले आहे. न्यायाधीश विकले गेले, अशा अर्थाचे काही लिहिले गेले असेल तर ते आज काढून टाका आणि गटात तशी सूचना द्या.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलात तर सासूबाईंना, महिला म्हणून, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळेल. जाताना गुन्ह्याचा क्रमांक, समरी ज्या न्यायालयात आहे त्याचे नाव, आलेली नोटीस आणि मृत्यू प्रमाणपत्र सोबत न्या.