एक रोबो, दोन सीएनसी आणि तुझं पहिलं शेड्युल

अरे, आल्या आल्या ऑर्डरची यादी उघडून बसू नकोस, आधी स्टॉपवॉच घे आणि सेलपाशी, म्हणजे रोबो आणि त्याच्या मशिनच्या गटापाशी, उभा राहा, कारण मशिनचा सायकल टाइम (एका पार्टला मशिनवर लागणारा वेळ) सगळ्यांना पाठ असतो पण रोबो चालायला आणि पार्ट पकडायला-सोडायला किती वेळ खातो ते कुणी मोजलेलंच नसतं.

समज, एका रांगेत कच्च्या मालाचा ट्रे, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशिन), शेवटी तयार मालाचा ट्रे, मध्ये पार्ट टेकवायला बफर नाही. पहिलं ऑपरेशन 60 सेकंद, दुसरं 80, प्रत्येक पकड किंवा सोड 5 सेकंद, शेजारच्या जागेला जायला 4. रोबो एकच पार्ट घेऊन शेवटपर्यंत त्याच्यासोबत थांबला तर पार्टमागे 194 सेकंद. तेच दुसरं मशिन चालू असताना पहिलं भरून ठेवलं तर 116, नुसता क्रम बदलून हां! दोन मशिनला रोबोच्या फेरीचे असे मूळ क्रम दोनच, तीनला 6, चारला 24, म्हणजे एक्सेलमध्ये आरामात तपासता येतं. मशिनिंग अगदीच छोटं असेल तर मात्र उलटं होतं, पार्टसोबत थांबणंच परवडतं, रोबोची रिकामी धावपळच महाग पडते.

आणि सिंगल ग्रिपर, म्हणजे एका वेळी एकच पार्ट धरणारा रोबो, हातात पार्ट घेऊन भरलेल्या मशिनपुढे गेला की सेल लॉक, मग हाताने सोडवत बसा. मी पहिल्या प्लॅनमध्ये इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं आणि जॉमधली (पार्ट धरणाऱ्या जबड्यातली) चिप, म्हणजे धातूचा कीस, साफ करणं धरलंच नव्हतं, रात्रपाळीच्या सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी कागद माझ्याच टेबलावर आणून आपटला.